मावशीची डार्करूम

माझी मावशी इस्पितळाच्या एक्स-रे विभागात डार्करूममध्ये कामाला होती. लग्नाआधी लागली आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिली. बाहेरच्या खोलीत लोकांच्या छातीचे, गुडघ्यांचे, मनगटांचे एक्स-रे निघत. भिंतीत दोन्ही बाजूंनी दार असलेलं एक छोटं कपाट होतं, त्यातून फिल्म आत मावशीकडे यायची. लाल दिव्याच्या उजेडात ती फिल्म काढायची, स्टीलच्या चौकटीत अडकवायची, एका टाकीत बुडवायची, मग पाण्यात, मग दुसऱ्या टाकीत. तिची नखं कायम तपकिरी असायची आणि अंगाला एक आंबूस वास. आम्ही लहान होतो तेव्हा तिच्या मांडीवर बसायला नाक मुरडायचो.

इस्पितळात तिला सगळे डार्करूमबाई म्हणत. नव्या डॉक्टरांना तिचा चेहराही माहीत नसे. त्यांना माहीत असायचा तो दारामागून येणारा आवाज: "थांबा, ओली आहे अजून."

मग नवी यंत्रं आली. फिल्म नको, टाकी नको, फोटो थेट पडद्यावर. डार्करूमचं दार कायमचं उघडलं, टाक्या भंगारात गेल्या आणि त्या खोलीत जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या. मावशीला कामावरून काढलं नाही, तेवढी माणुसकी होती. तिला रिपोर्टच्या खिडकीवर बसवलं.

खिडकीवर म्हणजे डोक्यावर दोन पांढऱ्याफटक ट्यूबलाइट, समोर काच, काचेला अर्धगोल भोक, आणि त्या भोकातून दिवसभर येणारी माणसं. रिपोर्ट कधी? इतका उशीर का? डॉक्टर कुठे बसतात? ताई, जरा बघता का? अहो मॅडम, मी तुमच्याशी बोलतोय! आयुष्यभर जी बाई गप्प राहून काम करत आली, तिला आता दिवसभर बोलायचं होतं, तेही आजारी आणि घाबरलेल्या माणसांशी. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिचा चेहरा पिळून वाळत टाकलेल्या कपड्यासारखा दिसायचा.

आणि घरी होते काका.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, वायरमन होते. हाताला गुण होता आणि तोंडाला कुलूप नव्हतं. शिडीवर चढले की तारा जोडता जोडता खालच्या माणसाला गोष्टी सांगत. लोक गमतीने म्हणायचे, ह्यांना बोलवलं की दिवा लागतोच, पण रेडिओही लागतो. मावशी खिडकीवर बसू लागली त्याच्या पुढच्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. डावा हात गेला, डावा पाय ओढत चालू लागला. जीभ थोडे दिवस जड होती, मग तीही पहिल्यासारखी झाली. काम सुटलं. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं म्हणजे मोहीम, त्यामुळे दिवसभर घरात एकटे. सकाळपासून साठवून ठेवलेलं सगळं बोलणं ते संध्याकाळी मावशी दारात दिसली की सोडायचे. शेजारच्या इमारतीवर कुणी पाण्याची टाकी चढवत होतं, कावळ्याने काय केलं, बातम्यांत कोण खोटं बोललं. मावशी चपला काढता काढता "हं" म्हणायची. पिशवी ठेवता ठेवता "हं". भाजी चिरता चिरता "हं".

त्यांना मूलबाळ नव्हतं. मी त्याच शहरात नोकरीला होते, सुट्टीच्या दिवशी जायचे. पुढचं काही माझ्यासमोर घडलं, काही दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं.

झालं असं, की मावशी ज्या रस्त्याने कामावर जायची त्या रस्त्यावरचा जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता. मालक म्हातारा, पाठीतून वाकलेला. सगळे त्याला फोटोवाला म्हणत. तो सामान फुटपाथवर काढून बसला होता. मावशीला वास आला. ती म्हणते, आधी वास आला, मग मी वळून पाहिलं. ट्रे, चिमटे, फिल्म धुवायचा झाकणाचा डबा, औषधाच्या तपकिरी बाटल्या आणि एका फडक्यात गुंडाळलेला एन्लार्जर. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं उभं यंत्र. वर दिव्याचं डोकं, खाली पाट.

"हे कुठे जाणार?" मावशीने विचारलं.

"भंगारात. तुम्हाला हवंय? न्या. निदान घासून पुसून ठेवाल."

त्याने सोबत एक जुना कॅमेराही दिला. त्याला चामड्याची पेटी होती आणि पेटीचं बटण तुटलेलं होतं. मावशीने हातगाडीवाल्याला गाठलं आणि सगळं सामान घरी आणलं. तिसऱ्या मजल्यावर ते कसं चढवलं, हे तिचं तिलाच ठाऊक.

काकांनी फडकं उचलून पाहिलं. "हे काय आणलंस?"

"डार्करूम करणार आहे. कोठीच्या खोलीत."

"घरात? कशाला?"

"फोटो काढायला."

"अगं, फोटो तर हल्ली फोनवर निघतात. तुला काय डोहाळे लागले?"

मावशीने फडकं पुन्हा नीट गुंडाळलं. स्वयंपाकाला लागली.

त्यांच्या स्वयंपाकघराला लागून एक कोठीची खोली होती. खिडकी नाही, वर हाताएवढा झरोका. त्यात डबे, मोडका पंखा, काकांच्या तारांची भेंडोळी, जुन्या गाद्या. मावशीने एका रविवारी ती रिकामी करायला घेतली. मी मदतीला गेले होते. काका स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल घेऊन बसले आणि बाहेर निघणाऱ्या प्रत्येक वस्तूचा इतिहास सांगू लागले. हा पंखा अमक्याच्या घरातला, ही तार आता मिळत नाही, ती टाकू नकोस. मावशी आत-बाहेर करत होती. घामाने तिचं पोलकं पाठीला चिकटलं होतं. शेवटी तिने झरोक्याला पुठ्ठा लावला, त्यावर काळं कापड ठोकलं, दाराच्या फटींना गादीतल्या जाड कापडाच्या पट्ट्या लावल्या आणि मला म्हणाली, "आता दार ओढून घे. मी आत बसते."

"का?"

"लगेच कळत नाही अंधार आहे की नाही. डोळे सरावायला वेळ लागतो. मग बारीकसारीक उजेड दिसायला लागतो."

मी दार ओढलं. आम्ही वाट पाहत राहिलो. आतून हूं की चूं नाही. काकांनी दोनदा विचारलं, "काय दिसतंय का?" उत्तर नाही. मला वाटलं, हिला घेरी वगैरे आली की काय. मी दारावर टकटक केली.

"आहे," मावशी आतून म्हणाली. "बसू दे मला जरा."

बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा हातात खडू होता. उजेड शिरत होता तिथे तिथे तिने आतून खुणा केल्या होत्या: बिजागरीपाशी, कुलपाच्या भोकापाशी, चौकट भिंतीला मिळते तिथे. पण तिला काही एवढा वेळ खुणा करायला लागला नसणार. तिच्या गालावर भिंतीचा चुना लागला होता. भिंतीला टेकून ती चक्क झोपली होती.

काकांच्याही ते लक्षात आलं. मी होते तोवर ते बोलले नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांच्यात जे झालं ते मावशीने मला पुढे कधीतरी सांगितलं.

काका म्हणाले होते, "खरं सांग. तुला फोटोबिटो काही काढायचे नाहीत. तुला माझ्यापासून सुटका हवीय."

मावशी भांडी विसळत होती. ती खोटं बोलू शकली असती. ती म्हणाली, "हो. आठवड्यातून एकदा, थोडा वेळ. सगळ्यांपासून. तुमच्यापासूनही."

मावशी म्हणते, मला वाटलं आता चिडतील, नाहीतर रडतील. आजारपणापासून त्यांना रडू लवकर यायचं. पण ते म्हणाले, "मग लाल दिव्याचं काय करणारेस? त्या कोठीत पॉइंट नाही. आणि तू जर एक्स्टेन्शनची वायर दाराखालून ओढणार असशील, तर मी आत्ताच सांगतो, घर जाळशील."

पुढचे दोन रविवार वायरिंगचे. कामाला हात मावशीचे, डोकं काकांचं. ती स्टुलावर चढलेली, ते खाली खुर्चीत, उजव्या हातात टॉर्च.

"मेन बंद केलास ना? परत बघ. परत बघून ये, माझ्या समाधानासाठी."

"केलाय हो."

"लाल तार कुठली?"

"तुमच्या नाकासमोर आहे."

"माझ्या नाही, तुझ्या हातात कुठली? अशी नाही पिळायची. उलटी. वेणी घालतेस काय? अगं घट्ट पीळ!"

मावशीने एकदा पेचकस त्यांच्या दिशेने फेकला म्हणे. लागेल असा नाही, पण फेकला. काका हसत सुटले आणि थांबेचनात. शेवटी दोन बटणं बसली. लाल दिव्याचं बटण हाताच्या उंचीवर आणि पांढऱ्या दिव्याचं पार वर, छताजवळ. "चुकून हात गेला तर काम वाया जायला नको," काका म्हणाले. त्यांनी एका हाताने, जमेल तसं, लाल बटणाच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू स्वतः आवळला.

पाण्याची सोय आत नव्हती. मावशी बादल्या भरून ठेवायची, एक स्वच्छ, एक धुण्याची. एन्लार्जर गादीच्या जुन्या पेटीवर ठेवला. त्याच्या शेजारी तीन ट्रे. मधोमध दोरी बांधली आणि कपड्यांचे चिमटे लावले. खोली एवढी अरुंद की उभ्या उभ्या वळायचं म्हणजे कोपरं अंगाशी घ्यावी लागत. उकाडा तर विचारू नका.

पहिला रोल तिने घरातल्या घरात काढला. गॅलरी, पायऱ्या, काकांची पाठ, ओट्यावरची भांडी. एका रविवारी दुपारी आत गेली. बाहेर आली ती काळीठिक्कर पट्टी हातात घेऊन. सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळी. एकही चित्र नाही.

"असं कसं?" मी विचारलं.

"कळत नाही," ती म्हणाली. "सगळं नेहमीसारखं केलं."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ती फोटोवाल्याच्या घरी गेली. पट्टी पाहून तो म्हणाला, "लाल दिवा लावला होतात?"

"हो. जन्मभर लालच दिव्यात काम केलंय."

"बाई, तुमची ती एक्स-रेची फिल्म लाल रंगाला आंधळी असते. ही नाही. हिला लाल, हिरवा, सगळा उजेड दिसतो. कॅमेऱ्यातली फिल्म काढून डब्यात भरायची ती पूर्ण काळोखात. डब्याचं झाकण लागलं की मग काय हवा तो दिवा लावा. लाल दिवा पुढे, कागदावर छापताना."

मावशी हे सांगताना हसली नव्हती. म्हणाली, "एवढी वर्षं त्यात घालवली आणि मला हे माहीत नव्हतं. जिन्यातच बसले थोडा वेळ. वाटलं, जाऊ दे, गाद्या परत आत टाकाव्यात." पण फोटोवाल्याने तिला एक वाया गेलेला रोल दिला होता, सरावासाठी. डब्यात फिल्म गुंडाळून ठेवायला खाचांची चकती असते, तिच्यावर तो रोल गुंडाळायचा सराव ती करू लागली. जेवण झालं की डोळे मिटून, ओट्यापाशी उभी राहून. काका समोर बसून सांगायचे, "निसटली. परत निसटली. आता बसली." तिला डोळे मिटूनही त्यांचं बोलणं ऐकू येतच होतं.

मग थोरले आले.

थोरले म्हणजे काकांचे मोठे भाऊ. काका त्यांना दादा म्हणत. दोघं बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. थोरल्यांनी नवं घर बांधलं तेव्हा वायरिंग काकांनी केलं. पाहुणे जमलेले असताना फ्यूज उडून घरभर अंधार झाला आणि थोरले सगळ्यांदेखत म्हणाले, "घरचा वायरमन असला की असंच व्हायचं." काकांचं म्हणणं, कुणीतरी सगळी यंत्रं एकाच प्लगवर लावली होती. थोरल्यांचं म्हणणं, मी थट्टेत बोललो. काका पिशवी उचलून निघून आले ते आलेच. मग हा ताठा, तो ताठा. काकांना झटका आला तेव्हाही थोरल्यांनी फोन केला तो मावशीला, आणि विचारपूस केली ती "तुमची तब्येत कशी आहे" अशी. जणू आजारी तीच होती.

पण त्या वर्षी थोरल्यांची बायको गेली. माणूस एकटा पडला. मुलगा त्यांना आपल्याकडे दूरच्या शहरात न्यायला आला होता. जाण्याआधी एक दिवस, न कळवता, ते जिना चढून वर आले. मी नेमकी तिथे होते. दार मावशीने उघडलं.

"भाऊजी! या ना."

थोरले आत आले, धापा टाकत खुर्चीत बसले. काका समोर. जन्मात पहिल्यांदा मी काकांना बोलायला काही नसलेलं पाहिलं. शेवटी थोरल्यांनी वर दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे वायरिंग तूच केलेलं का रे?"

काका म्हणाले, "का? गेले का दिवे?"

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले आणि मग थोरल्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं हसतायत. हसतही होते आणि रडतही होते. काकांचं तर विचारूच नका.

मावशीने कॅमेरा आणला. "भाऊजी, जरा इकडे."

"आता ह्या थोबाडाचे कसले फोटो, आणि काढायचेच तर फोनवर काढा," थोरले म्हणाले, पण बसून राहिले. तिने अख्खा रोल काढला. दोघं टेबलापाशी, दोघांच्या हातात कप, थोरले काकांचा निकामी हात उचलून बघतायत, काका काहीतरी सांगतायत आणि थोरले कंटाळल्यासारखे ऐकतायत. संध्याकाळी थोरले गेले. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून वर पाहत होते.

पुढच्या रविवारी मावशी तो रोल घेऊन कोठीत गेली. दुपारची वेळ होती, स्वयंपाकघरात लख्ख ऊन. काका दाराबाहेर स्टूल टाकून बसले. त्यांचा तो नेम झाला होता. ती आत, ते बाहेर, आणि मध्ये दार. तिने अट घातली होती: मी आत असताना बोलायचं नाही. काका ती अट साधारण पाळायचे. म्हणजे घसा खाकरायचे, गुणगुणायचे, पण बोलायचे नाहीत.

मावशीने आतून कडी घातली, दिवा बंद केला आणि फिल्म काढली. ती सांगते, चकतीवर पहिला वेढा बसला, दुसरा बसला, आणि तेवढ्यात बाहेर स्टूल पडल्याचा आवाज झाला. धाडकन. मग काहीच नाही.

"अहो?" तिने हाक मारली.

उत्तर नाही.

तिने हातातली फिल्म सोडली नाही, डब्यात कोंबली नाही, काही नाही. तशीच कडी काढली आणि दार सताड उघडलं. ऊन तिच्या अंगावर, हातांवर, फिल्मवर पडलं.

काका ओट्यापाशी उभे होते. तोंडात पाणी होतं, म्हणून उत्तर देता आलं नव्हतं. तहान लागली म्हणून उठले होते, उठताना पाय स्टुलाला लागला आणि ते कलंडलं. एवढंच.

त्यांनी घोट गिळला. "काय झालं?"

मावशी दारात उभी. हातात चकती, चकतीवरून लोंबणारी फिल्म.

"काही नाही," ती म्हणाली.

काकांनी त्या फिल्मकडे पाहिलं. वायरमन असले तरी इतके महिने दाराबाहेर बसून त्यांना एवढं कळत होतं. "दादाचा रोल?"

तिने मान हलवली.

"सगळा?"

"सगळा."

काका ओट्याला धरून राहिले. म्हणाले, "तू डब्यात टाकून झाकण लावून मग यायचंस. एक मिनिटाचं काम होतं."

"हो," मावशी म्हणाली. "होतं."

मग ती तिथेच जमिनीवर बसली. रडली नाही. मला म्हणाली, मला इतकं दमायला झालं होतं की रडायलाही हात-पाय हलवावे लागतात असं वाटलं. काका भिंतीला धरत धरत आले, स्टूल एका हाताने सरळ केलं आणि तिच्याजवळ बसले. त्या दिवशी ते खरंच काही बोलले नाहीत. ऊन ओट्यावरून उतरून भिंतीवर गेलं तरी दोघं तशीच बसलेली.

फोन काकांनी केला. थोरले तोवर मुलाकडे पोचले होते.

"दादा, फोटो खराब झाले. सगळे."

पलीकडून थोरले म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? फोनवर काढले असते तर हाती लागले असते. तुमच्या घरात काही धड होत नाही."

मावशीला वाटलं, झालं, आता पुन्हा वीस वर्षं. पण काका म्हणाले, "होत नाही खरं. मग तू परत ये. तुला यावंच लागेल."

"गुडघे बघ माझे. मी कुठला येतोय इतक्या लांब."

"बरं," काका म्हणाले, "मग राहू दे," आणि फोन ठेवला.

थोरले आले. लगेच नाही, हवा गार झाल्यावर. मुलाने गाडीत बसवून दिलं, इकडे मी उतरवून घेतलं. आल्या आल्या त्यांची कुरकुर सुरू झाली. जिना उंच आहे, चहा गोड आहे, खुर्चीला उशी नाही. मावशी त्या दिवशी खिडकीवरची पाळी करून आली होती. कुणीतरी तिच्यावर फार ओरडलं होतं. कारण रिपोर्ट वाईट आला होता आणि देणारी तीच होती. तिने तोंडावर पाणी मारलं, कॅमेरा उचलला आणि म्हणाली, "भाऊजी, हनुवटी वर. लवकर. मला बसायचंय." तिचे हात थरथरत होते. मी म्हटलं, उद्या काढ. ती म्हणाली, "उद्या कुणी पाहिलाय."

या वेळी रोल धुवायचा झाला तेव्हा तिने आम्हा तिघांना घराबाहेर काढलं. दोघा भावांना घेऊन मी जिन्यात बसले. पायरीवर बसून थोरले आणि काका त्या फ्यूजवरून नव्याने भांडले, हळू आवाजात, म्हणजे आत ऐकू जायला नको. प्रत्येक खोलीत किती पॉइंट होते हे दोघांना पाठ होतं, पण दोघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं.

निगेटिव्ह नीट आल्या. सगळ्या नाही. बऱ्याच हललेल्या होत्या, मावशीच्या हातांमुळे. थोरल्यांचे डोळे अर्ध्यांत मिटलेले. पण आल्या.

थोरले परत गेल्यावरच्या रविवारी मावशी फोटो छापायला कोठीत गेली. कागद एन्लार्जरखाली ठेवण्याआधी तिने दार उघडलं. काका नेहमीसारखे बाहेर.

"या," ती म्हणाली.

"मी? आत?"

"आता लाल दिवा चालतो. कोपरं आवरून या. आणि काही धरू नका."

काका पाय ओढत आत गेले. मी बाहेरून दार लावलं. आत काय झालं ते दोघांनी सांगितलेलं जवळजवळ सारखंच आहे, म्हणून खरं असावं. मावशीने कागदावर उजेड पाडला, कागद पहिल्या ट्रेमध्ये सोडला आणि चिमट्याने हळूहळू हलवू लागली. कागद पांढराच. काका ट्रेवर वाकले. मग कुठेतरी एक करडी रेघ आली. टेबलाची कड. मग कपाचा कान. मग काकांचा हसणारा जबडा.

"दादाचं नाक आलं नाही अजून," काका कुजबुजले.

"येईल. गप्प राहा."

आलं. नाक, मिटायला आलेले डोळे आणि काकांच्या निकामी हातावर ठेवलेला थोरल्यांचा हात. काका आणखी काही बोलले नाहीत. पाण्यात, मग दुसऱ्या ट्रेमध्ये, मग चिमट्याला टांगेपर्यंत एक शब्द नाही. मावशी म्हणते, "मला वाटलं, ह्यांना बरं वाटत नाहीये. म्हणून दार उघडायला वळणार, तर म्हणाले, राहू दे. असंच राहू दे थोडा वेळ."

मग दोघं त्या उकाड्यात, त्या वासात, लाल उजेडात उभे राहिले. मावशीचं अंग दुखत होतं, काकांचा पाय भरून आला होता. बसायला जागा नव्हती.

फोटोची एक प्रत थोरल्यांना पाठवली. त्यांना आवडली नाही. "मी एवढा म्हातारा कधी झालो? आणि हा मात्र कसा तरुण दिसतोय," असं फोनवर म्हणाले. फोटो समोर लावला नाही, कपाटात ठेवला, असं त्यांचा मुलगा सांगतो. पण फोन मात्र ते दर आठवड्याला करतात. बोलतात काका, थोरले ऐकतात. मावशीला तेवढा वेळ मोकळा मिळतो. ती त्या वेळात काही करत नाही, नुसती पडून राहते.

ती अजून खिडकीवर जाते. तिथली माणसं काही बदलली नाहीत, तिचा थकवाही नाही. कोठीत जाते ती महिन्यातून एखाद्या रविवारी, अंगात त्राण असेल तर. कधी दार लावून एकटी, कधी काका आत. फोटो धुवायची औषधं हल्ली सहज मिळत नाहीत, फोटोवाला कुठून कुठून मागवून देतो.

मागे एकदा मी गेले तेव्हा मावशी कोठीतून येऊन बाहेरच्या खोलीत बसल्या बसल्या झोपली होती. ट्रे धुवायचे राहिले होते. काका मोरीत ते धूत होते, एका हाताने, ट्रे पोटाशी टेकवून. अर्धं औषध जमिनीवर, अर्धं त्यांच्या पायजम्यावर.

"काका, मी करते ना," मी म्हटलं.

"शू!" ते म्हणाले. "झोपलीय ती."